न नेलेल्या किल्ल्या

पाटीवर लिहिलं होतं : आबीलियु आणि मुलगे. कुलपं, किल्ल्या.
पाटी रंगवली तेव्हा एक मुलगा दोन वर्षांचा होता,
दुसरा अजून एर्मेलिंदाच्या पोटात,
आणि शिडी धरून खाली तीच उभी होती.
तिचं नाव कुठे घालायचं, रंगाऱ्याने विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.
तिने एवढंच विचारलं,
हा हिरवा उन्हात किती वर्षं टिकेल?

कोइंब्राच्या त्या उतरत्या गल्लीत
दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली
तर एकाने पावसात थांबायचं.
आजोबा कानस चालवायचे.
आजी बाकी सगळं.

सहाला चर्च, साडेसातला शटर,
मधल्या वेळात कोबीचं सूप मंद आचेवर.
पितळ कुणाकडे किलोमागे स्वस्त, कुणाचा काटा खोटा,
कुणाची उधारी मागायची आणि कुणाची नुसती लक्षात ठेवायची.
आजोबा गिऱ्हाइकावर खेकसले की ती आतून यायची,
हात पुसत विचारायची, आईचा गुडघा कसा आहे?
तो पैसे देऊन जायचा. वर सुटेही मागायचा नाही.

विद्यार्थी काळे झगे जिवापाड सांभाळायचे, किल्ल्या मात्र नाही.
जूनमध्ये रांग लागायची.
ती आधी विचारायची : दाराचा रंग कोणता?
घरमालकीण सकाळी कुणावर ओरडते?
जो अडखळला त्याला कॉफी मिळायची,
किल्ली मिळायची नाही.

एका रात्री एक बाई आली, मनगटावर निळं वळ,
म्हणाली, आजच्या आज कुलूप बदलून हवंय.
आजोबा जोडे घालू लागले.
तुम्ही नको, गल्ली बोलेल, म्हणत
आजीने स्वतः पेटी उचलली.
परत आल्यावर पूर्ण पैसे गल्ल्यात टाकले.
मी चिडले. नऊ वर्षांची होते.
ती म्हणाली, फुकट बसवलं
तर ते कुलूप आपलं राहतं, तिचं होत नाही.

दुकान विकलं त्या आठवड्यात फळीमागे बिस्किटांचा डबा सापडला.
न नेलेल्या किल्ल्या, प्रत्येकीला सुतळी, सुतळीला कागद.
*उंच, लाजरा, डावा बूट फाटलेला.*
*दाईची सून. मार्चमध्ये येते म्हणाली.*
*पैसे दिलेत. नाव सांगायला विसरला. मीही विचारायला.*
अक्षर तिरकं, शाळेत तीनच वर्षं गेलेलं.

तळाशी एकाच सुतळीत तीन किल्ल्या.
कागदावर फक्त : झेफेरीनु.

थोरला काका. अंगोलाच्या लढाईत गेला,
पेटी आली ती बंद, उघडायची नाही असा हुकूम.
कुलूपवाल्याच्या घरात उघडायची नाही अशी पेटी.

त्यानंतर आमच्या घराचं कुलूप तीनदा बदललं.
घरात माणसं मोजून किल्ल्या कापायच्या, तो आजोबांचा नियम.
वहीत मात्र दर वेळी एक जास्त पितळी तुकडा लिहिलेला,
खर्ची : किरकोळ.

मला आता ती दुपार आठवते.
पाटीचा रंग उडालेला, बाबा शिडीवर,
खाली न बघता म्हणाले, आई,
'मुलगे' पुसून 'मुलगा' करू का?
ती कापडाने काच पुसत होती.
पुसतच राहिली.
म्हणाली, तोच हिरवा आण.
दुसरा आणशील तर परत पाठवीन.

ती गेल्यावर मी जुन्या घराशी गेले.
तिसरी किल्ली भोकात जाते, फिरत नाही.
ही आजोबांच्या हातची नाही,
ते तोवर गेले होते.
ही तिनेच कापलेली, मोतीबिंदूच्या दिवसांत,
बोटांनी खाचा चाचपत.

कानस माझ्याकडे आहे.
दोन हात मारले तर फिरेल.
सहा महिने झाले,
ड्रॉवर उघडते, किल्ली हातात घेते, परत ठेवते.